सरदाराचं काळीज

तो सिनेमा गिरगावात लागला तेव्हा आमच्या सगळ्या चाळीने तो पाहिला, मी सोडून. माझा नवरा जाऊन वर्ष उलटलं होतं आणि थिएटरच्या रांगेत एकटीने उभं राहायची मला सवय नव्हती. शिवाय गोष्ट मला आधीच ठाऊक झाली होती. शेजारच्या काकूंनी गॅलरीत तांदूळ निवडता निवडता ती पहिल्यापासून सांगितली होती, आणि शेवटाला आल्यावर सूप बाजूला ठेवून पदराने डोळे पुसले होते.

गोष्ट अशी होती. एक सरदार दूरच्या मुलखात लढाईत पडतो. देह गडावर नेणं शक्य नसतं. मरताना तो आपल्या म्हाताऱ्या सेवकाला सांगतो, माझं काळीज तेवढं घरी पोचव. सेवक ते मधात बुडवून तांब्याच्या डब्यात घालतो, नद्या ओलांडतो, शत्रूच्या चौक्या चुकवतो आणि गडावर येतो. सरदाराची बायको डबा उघडते, काळीज ओंजळीत घेते, आणि सिनेमा संपतो.

"असं कोणी काळीज काढून आणतं होय?" मी काकूंना विचारलं.

"अगं, सिनेमा आहे तो," काकू म्हणाल्या. "पण बघवत नाही बाई. अगदी खरं वाटतं. ओलं, जिवंत."

मी सुपातला एक खडा वेचून टाकला. काळजांशी माझा रोजचा संबंध होता आणि ते चाळीत फारसं कुणाला रुचत नव्हतं.

परळच्या एका मेडिकल कॉलेजात शरीररचनेच्या विभागात मी नोकरी करत होते. लग्नाआधी मी चित्रकलेच्या शाळेत मूर्तिकाम शिकले होते. लग्नानंतर ते सगळं सामान माळ्यावर गेलं. नवऱ्याला लहानपणी सांधेतापाचा आजार झाला होता, त्यात हृदयाची एक झडप खराब झाली होती. लग्न ठरवताना हे कुणी बोललं नव्हतं. त्यालाही त्याची पुरती कल्पना होती असं मला वाटत नाही. चाळीचे जिने चढवेनात तेव्हा कळलं. शेवटी शेवटी तो उशांच्या ढिगाला टेकून बसल्या बसल्याच झोपायचा. त्याच्या छातीला कान लावला की दोन ठोक्यांच्या मध्ये रंधा मारल्यासारखा आवाज ऐकू यायचा. डॉक्टरांनी एकदा कागदावर झडपेचं चित्र काढून मला समजावलं. मी घरी येऊन ती मातीत करून पाहिली आणि पुढच्या खेपेला त्यांच्यासमोर ठेवली. तो गेल्यावर त्याच डॉक्टरांनी शब्द टाकून मला ही नोकरी मिळवून दिली.

काम प्लास्टरचं आणि कागदाच्या लगद्याचं. कानाचा आतला भाग, मूत्रपिंड, हाताचे स्नायू, आणि सगळ्यात जास्त हृदयं. मुलं ती उघडून, कप्पे वेगळे करून शिकत, आणि वर्षभरात त्यांचा पार भुगा करत. मग मी नवीन करायची. शेजारच्या दालनात बरण्यांमधून खरी हृदयं ठेवलेली असत. मोजमापं तिथून घ्यायची. फॉर्मालिनचा वास साडीला बसे तो धुऊनही जात नसे. चाळीत माझ्या पाठीमागे 'हाडांच्या कामाला जाते ती' असं म्हणत. समोर कुणी काही बोलत नसे, फक्त मी नळावर गेले की बायका आपापल्या कळश्या जरा अलीकडे ओढत. काकू तेवढ्या अपवाद. त्या अधूनमधून वाटीभर आमटी आणून देत आणि दारात उभ्या राहून गप्पा मारत.

एक दिवस थिएटरचे मॅनेजर आमच्या विभागात आले. सिनेमातलं ते काळीज त्यांनी थिएटरच्या दरवाज्याशी काचेच्या पेटीत मांडलं होतं. तिकिटाच्या रांगेतली माणसं त्याच्यापुढे हात जोडत, फुलं ठेवत. आता स्टुडिओवाले ते परत मागत होते, कारण सिनेमा पुण्याला, कोल्हापूरला जायचा होता आणि तिथल्या थिएटरांनाही ते हवं होतं. पेटी रिकामी ठेवून चालणार नव्हतं. मॅनेजरना कुणीतरी सांगितलं होतं की परळला एक बाई हुबेहूब काळजं करतात.

आमच्या प्राध्यापकांनी त्यांचं ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, "करा करा. तेवढाच तुम्हाला बदल."

मॅनेजरनी पिशवीतून तांब्याचा डबा काढला. आत रेशमी कापडात ते गुंडाळलेलं होतं. "साचा काढायचा नाही हं बाई," त्यांनी बजावलं. "प्लास्टर लागलं तर रंग उखडेल. नुसतं बघून करा. आणि जिवापाड सांभाळा, कुठे टाकून जाऊ नका."

साचा काढायची परवानगी असती तर मला काही कळलंच नसतं. साचा आंधळा असतो, समोर आहे ते उचलतो. पण बघून करायचं म्हटल्यावर मला हाताने चाचपून, कॅलिपरने मापं घेऊन एकेक भाग शाडूत चढवावा लागला. आणि माझ्या हातांना एवढी सवय होती की ते आपणहून माणसाचं हृदय करायला लागले. अर्धं झाल्यावर मूळ काळजाशेजारी ठेवून पाहिलं तर दोन्ही एकमेकांसारखी दिसेनात.

आधी मला टोक खटकलं. माणसाच्या हृदयाचं खालचं टोक बोथट, गोलसर असतं. हे गाजरासारखं निमुळतं होतं. म्हटलं असेल, कलाकाराने जरा देखणं केलं असेल. मग मी वरच्या बाजूला आले. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी कमानीसारखी वळते आणि त्या कमानीवरून तीन फांद्या फुटतात. इथे एकच जाडजूड फांदी होती. तेही सोडून दिलं. पण मागच्या बाजूला बोट फिरवलं आणि थांबले. हृदयाच्या अंगावरून वरून खाली अशा दोन खाचा उतरतात, एक पुढून, एक मागून. इथे डाव्या कडेला तिसरीही खाच होती. ती चुकून पडलेली नव्हती. कुणीतरी मुद्दाम, मन लावून ती कोरली होती, आणि तिच्यात पांढऱ्या चरबीची बारीक रेघसुद्धा भरली होती. जो माणूस चरबीची रेघ भरतो त्याने काहीतरी समोर ठेवून ती भरलेली असते.

ते काय असेल याचा मला अंदाज आला, आणि मला एकदम हसू यायला लागलं. मी मान वर केली. प्राध्यापक वर्गावर गेले होते. खोलीत बरण्यांशिवाय कुणी नव्हतं. नवरा असता तर संध्याकाळी त्याला सांगितलं असतं. तो उशांना टेकून हसला असता, खोकला असता, आणि मग मी त्याला हसवल्याबद्दल स्वतःवरच चिडले असते. मी पुन्हा शाडूत हात घातला. हसू आपोआप गेलं.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या गडबडीचे होते. सकाळी प्रभातफेऱ्या, दुपारी मोर्चे, आणि मधूनच हरताळ. एका दुपारी परळला गिरण्या बंद पडल्याची बातमी आली आणि आम्हाला घरी जायला सांगितलं. मॅनेजरांचं बोलणं आठवून मी डबा पिशवीत घातला आणि निघाले. ट्राम बंद होत्या. लालबागवरून भायखळ्यापर्यंत दुकानांच्या फळ्या लागलेल्या, रस्त्यात चपला आणि विटांचे तुकडे पडलेले. गिरगावात शिरताना अश्रुधुराचा वास अजून हवेत होता. डोळे चुरचुरत होते. नाक्यावर पोलिसांनी बांबू आडवे टाकले होते.

"पिशवीत काय आहे बाई?" एका हवालदाराने विचारलं.

"डबा आहे."

"डब्यात काय?"

 मी डबा काढून त्याच्या पुढ्यात धरला. त्याने काठीच्या टोकाने झाकण ढकललं, रेशमी कापड बाजूला सारलं, आणि मागे सरला.

"सिनेमातलं आहे," मी घाईघाईने म्हटलं. "तो सरदाराचा सिनेमा. त्यातलं."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग डब्याकडे. मग काठी काखेत मारून पुढे वाकला. "हे तेच?" त्याने आवाज खाली आणून विचारलं.

"तेच."

त्याने दुसऱ्या शिपायाला हाक मारली. तो आला, त्याच्यामागून आणखी एक आला. तिघे डब्याभोवती वाकून उभे राहिले. कोणीही हात लावला नाही. "माझी मंडळी दोन दिवस जेवली नव्हती हे बघून," हवालदार म्हणाला. त्याने स्वतःच्या हाताने कापड नीट केलं, झाकण लावलं आणि बांबू उचलून मला वाट करून दिली. "सांभाळून न्या. पुढे पोरं दगड मारतायत."

मी डबा पोटाशी धरून चालत राहिले. त्या तिघांना मी काहीही सांगू शकले नसते. सांगायचं तरी कशाला?

अंदाज खरा की खोटा हे बघितल्याशिवाय मला चैन पडेना. हरताळ मिटला त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी सकाळी बाजारात मटणवाल्याकडे गेले. आमच्या माहेरी मासे चालत, पण मटणाच्या दुकानात मी आयुष्यात कधी पाय ठेवला नव्हता. गिऱ्हाईक कमी होईपर्यंत बाजूला थांबले आणि म्हटलं, "एक काळीज द्या."

त्याने कलेजीचा तांबडा लिबलिबीत तुकडा तराजूत टाकला.

"हे नको," मी म्हणाले. "काळीज. हृदय."

त्याला कळेना. मी छातीवर डाव्या बाजूला हात ठेवून दाखवला.

"दिल पायजे काय?" तो म्हणाला. "मग दिल बोला ना. काळीज म्हणजे कलेजी." त्याने कुठूनतरी एक हृदय काढून फळीवर ठेवलं. "कापून देऊ?"

"नको, अख्खं. आणि वरची नळी कापू नका."

त्याने माझ्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं, मग ते वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं.

कॉलेज बंद असल्यामुळे ते घरीच आणावं लागलं. जिन्यात काकू भेटल्या. त्या हसून काहीतरी विचारणार होत्या, तेवढ्यात त्यांची नजर पिशवीच्या तळाकडे गेली. कागद भिजून पिशवीला लाल डाग पडला होता आणि एक थेंब पायरीवर पडला. त्यांनी तोंडाला पदर लावला आणि भिंतीला चिकटून मला जाऊ दिलं. मी म्हणाले, "काकू, हे कामाचं आहे." त्यांनी मान हलवली. पण आमच्यासारख्या चाळीत, माझ्यासारख्या बाईच्या हातात मटणाची पिशवी, ती मी कामासाठी आणली होती हे त्यांनी कुणाला सांगितलं असतं तरी पटलं नसतं. त्यानंतर आमटीची वाटी कधी आली नाही. दारात दिसल्या तर बोलत, पण उंबऱ्यापाशी थांबत नसत.

दार लावून मी बकऱ्याचं हृदय ताटलीत ठेवलं आणि शेजारी सरदाराचं. निमुळतं टोक तसंच. एकच जाड फांदी तशीच. डाव्या कडेची तिसरी खाचही तिथेच, आणि तिच्यात पांढरी टणक चरबी. ज्याच्यापुढे माणसं हात जोडत होती ते बकऱ्याचं हृदय होतं, आणि ते अतिशय सुरेख केलेलं होतं. माझ्या मॉडेलांपेक्षा कितीतरी सुरेख. माझी मुलांना शिकवण्यासाठी असत. हे आत्ताच धडधडायचं थांबलंय असं वाटे.

मी मॅनेजरना जाऊन भेटले. म्हटलं, "हे माणसाचं नाही. सांगत असाल तर मी बरोबर करून देते. पेटीत एखादा डॉक्टर पाहील तर हसेल."

मॅनेजर कपाळाला हात लावून बसले होते. आठवड्यात तीन खेळ रद्द झाले होते. "बाई, डॉक्टर पण येऊन रडून गेलेत," ते म्हणाले. "तुम्ही बरोबर केलंत तर लोक म्हणतील हे ते नव्हे. आहे तस्सं करा."

मग मी आहे तस्सं केलं. शाडूचं रूप झालं, त्याचा साचा झाला, लगदा भरून सुकला. अडलं ते रंगापाशी. त्या माणसाने काय लावलं होतं कोण जाणे, कोरड्या रंगाला ओलेपणा होता. मी वार्निश लावून पाहिलं तर ते फर्निचर दिसायला लागलं. शेवटी मॅनेजरांकडून पत्ता घेऊन मी ते घडवणाऱ्याला शोधायला खोताच्या वाडीत गेले. माझ्या चाळीपासून चालत काही मिनिटांची वाट, पण मी कधी आत गेले नव्हते.

लाकडी जिना चढून वर गेले तर एक म्हातारा खिडकीशी खुर्ची टाकून बसला होता. मागे भिंतीशी अर्धवट रंगवलेल्या संतांच्या मूर्ती ओळीने उभ्या होत्या. जन्मभर त्याने चर्चसाठी मूर्ती केल्या होत्या आणि उरलेल्या वेळात दादरच्या स्टुडिओंसाठी मुंडकी, तलवारी, फळं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मी दारात उभी राहिले तरी तो माझ्या थोडं बाजूला पाहून बोलत होता.

"ये बाय, बस. कोण तू?"

मी काय करते ते सांगितलं. रंगाचं विचारलं. त्यांनी लगेच सांगितलं: आधी अंड्यातला पांढरा बलक, मग पातळ सरस, आणि तो पुरता वाळायच्या आत मेणाचा हात. एवढ्यासाठीच आले होते. पण निघताना राहवलं नाही.

"काका, ते बकऱ्याचं आहे ना?"

 त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. तिसरी खाच आहे."

"खाच बघितलीस?" ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं हे आता रडणार. "कुणीच नाय बघितली. मी पयलं माणसाचंच केलं होतं, बाय. पुस्तक आणून, बरोबर केलं होतं. डायरेक्टर म्हणाला, हे काय, हा बटाटा हाय. काळीज असं असतं का? मी म्हटलं असंच असतं. तो म्हणाला, लोकांना पटणार नाय, टोक पायजे. मंग मी मटणवाल्याकडे गेलो."

"मीपण गेले होते."

"कलेजी दिली असेल पयली."

"हो."

ते खूप हसले. मला चहा करून दिला, डोळे अधू असूनही एक थेंब न सांडता. स्वतःचा सिनेमा त्यांनी पाहिला नव्हता. आता पडदा म्हणजे नुसता उजेड दिसतो, ते म्हणाले. मला कुणी सांगणारा असता तर गेलो असतो.

मी सांगेन असं मी म्हणून गेले. घरी येताना वाटलं, हे आपण काय कबूल केलं.

माझं काळीज मॅनेजरना पसंत पडलं. मूळ त्यांनी परत पाठवलं, माझं पेटीत ठेवलं, आणि फुलं पडायची तशी पडत राहिली. मोबदल्याबरोबर त्यांनी शनिवारच्या दुपारच्या खेळाचे दोन पास दिले. शहर त्या आठवड्यात जरा शांत होतं. मी काकांना हाताला धरून थिएटरात नेलं आणि कडेच्या खुर्च्यांवर बसवलं.

दोन तास मी त्यांच्या कानाशी कुजबुजत होते. आता लढाई चाललीय. आता तो पडला. आता म्हातारा नदीत उतरला. गाणी आली की मी गप्प बसायची, त्यांना ऐकू येत असे. सरदार मरायच्या प्रसंगात नट इतका धापा टाकत होता की मी पडद्यावरून नजर काढून घेतली. खरी माणसं अशी धाप टाकत नाहीत. काकांनी विचारलं, "काय चाललंय?" मी म्हटलं, "मरतोय." त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि तो प्रसंग संपेपर्यंत पुन्हा काही विचारलं नाही.

मग गड आला. सगळं थिएटर आधीपासूनच मुसमुसत होतं, कारण निम्मी माणसं दुसऱ्यांदा आली होती. नटीने डबा उघडला.

"दिसलं?" काकांनी विचारलं.

"दिसलं. आता हातात घेतेय."

"खाच दिसते?"

"नाही. ती बाजू तिच्याकडे आहे."

"बरं. टोक कसं हाय? नीट धरलंय ना? टोक खाली पायजे."

मी नीट पाहिलं. "काका," मी म्हटलं, "टोक वर आहे."

"काय?"

"तिने उलटं धरलंय."

काकांनी माझ्याकडे तोंड वळवलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मी त्यांना गप्प करायला गेले आणि माझंच सुटलं. किती दिवसांत मी अशी हसले नव्हते, मला आवरता येईना. पदराचा बोळा तोंडात कोंबला तरी आवाज येतच होता. पडद्यावर ती बाई सरदाराचं उलटं काळीज गालाशी लावत होती, आजूबाजूला माणसं हुंदके देत होती, आणि आम्ही दोघं खुर्चीत वाकून हसत होतो. पुढच्या रांगेतल्या एका बाईने वळून पाहिलं. तिचे गाल भिजलेले होते.

"लाज नाही वाटत?" ती म्हणाली. "कुणाचा नवरा गेलाय आणि तुम्ही दात काढताय?"

माझं हसणं तिथेच थांबलं.  दिवे लागेपर्यंत आम्ही मान खाली घालून बसलो.

बाहेर आल्यावर काका म्हणाले, "त्या दिवशी मला ताप होता, बाय. सेटवर नव्हतो. नायतर सांगितलं असतं तिला." मग थोडं चालून झाल्यावर, "तुला लागलं काय ते बोलणं?"

"नाही," मी म्हटलं. पण ते माझा हात सोडायला तयार नव्हते.

त्या पावसाळ्यापर्यंत रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे जात राहिले. ते सांगत तसा रंग मी मूर्तींना लावायची. त्यांची अडून पडलेली दोन-तीन कामं त्यामुळे पुरी झाली. मेरीच्या गालाचा रंग कसा चढवायचा ते मी तिथे शिकले. बोलणं फार होत नसे. चाळीत यावरूनही कुजबुज झाली, आणि सिनेमा उतरल्यावर माझं काळीज कुठे गेलं ते मी विचारलं नाही. पुढे वाडीतली त्यांची जागा सुटली आणि त्यांना त्यांची भाची वसईला घेऊन गेली. रविवार पुन्हा मोकळे झाले. मी दुपारी गॅलरीत बसून राहायची. खाली मोर्चे जात, घोषणा येत, 'झालाच पाहिजे' म्हणत मुलं पळत जात. मला त्यात कुणी बोलावलं नाही आणि मीही उतरले नाही.

वर्षभराने भाचीचा निरोप आला की काकांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, एका डोळ्याने चांगलं दिसतं, भेटून जा. मी गेले. घर आडबाजूला होतं, पुढे केळीची बाग. काका जाड भिंगाचा चष्मा लावून पडवीत बसले होते. मी फाटकातून आत आले तरी ते अनोळखी माणसाकडे पाहावं तसे पाहत राहिले. मी जवळ जाऊन म्हटलं, "काका, मी."

आवाज ऐकताच ते खुर्चीतून उठले. मला समोर उभं करून त्यांनी नीट, अगदी मूर्तीकडे बघतात तसं पाहिलं. मग बसले.

"तू एवढी लहान?" ते म्हणाले.

"म्हणजे?"

"आवाजावरून मला वाटलं होतं तू माझ्याच वयाची. जिना पण तू म्हातारीसारखीच चढायचीस."

मी माझं वय सांगितलं. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि पुन्हा लावला. बागेत कुणीतरी केळीची पानं कापत होतं. मग त्यांनी भाचीला हाक मारली आणि म्हणाले, "पोरीला जेवायला वाढ. लांबून आलीय."